राघ्या बैलाचा अलंकार

"पण बुवा, माझं चुकलं कुठे?"

शार्ङ्गधराने हे तिसऱ्यांदा विचारलं. त्याचे गुरू, मठाचे रंगोबुवा, वांग्याच्या वाफ्यातलं गवत उपटत होते.

पाच वर्षं शिकून शार्ङ्गधर काव्यशास्त्रात पक्का झाला होता. म्हणून बुवांनी त्याला मठातल्या मुलांचा कवितेचा वर्ग दिला. पंधरा दिवसांत निम्मी मुलं पेंगू लागली आणि उरलेली चिंचेवर जाऊन बसली. बुवांनी वर्ग काढून घेतला. आता गावी कोणत्या तोंडाने जायचं, हा विचार त्याला सोडत नव्हता.

"एकही अलंकार सोडला नाही मी, बुवा!"

"हं..." बुवांनी विहिरीकडे बोट केलं. "तिथला अलंकार सांग."

तिथे लिंबाजी मोट हाकत होता. बैल उतारावरून दोर ओढत चालले होते आणि तो मोठ्याने गात होता,

"चंद्राहून गोरा, माझा राघ्या राजा,
पाऊल टाक देवा, तहानला मळा माझा!"

शार्ङ्गधराची कळी खुलली. "व्यतिरेक! शिवाय रूपक आणि अनुप्रास. पण बुवा, हा राघ्या तर तव्यासारखा काळा. एक शिंगही मोडलेलं. हे सगळं खोटंच की!"

"राघ्याला सांगितलंस?"

"बैलाला?"

त्यांचं बोलणं ऐकायला लिंबाजी गायचा थांबला. बैलही थांबले. भरलेली मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत राहिली.

"लिंबाजी, बाजूला हो," बुवा म्हणाले. "आज पंडित मोट हाकणार."

शार्ङ्गधराने धोतर खोचलं. खणखणीत, निर्दोष उच्चारांत त्याने दोन्ही ओळी म्हटल्या.

राघ्या रवंथ करत राहिला.

पुन्हा म्हटल्या. राघ्याने शेपटी फिरवली. ती पंडिताच्या गालावर बसली.

चिंचेवरून हसण्याचा फवारा उडाला. मुलं वरून सगळं पाहत होती.

"आवं पंडित, त्याच्याकडं बघा की जरा," लिंबाजी कळवळून म्हणाला. "वाऱ्याशी काय बोलताय?"

शार्ङ्गधराने पाहिलं. राघ्याच्या मानेवर जुवाचा घट्टा पडला होता. पलीकडे वांग्याची रोपं माना टाकून उभी होती. त्याला एकदम वाईट वाटलं, बैलाचंही आणि वांग्यांचंही.

त्याने घट्ट्यावर हात ठेवला. बैलाचा कान हलला.

"चंद्राहून गोरा..."

आवाज फाटला. सूर तर भलतीकडेच गेला. पण या खेपेला तो खरोखर राघ्याशीच बोलत होता.

"...माझा राघ्या राजा..."

राघ्याने पाय उचलला. दोर ताणला. मोट कुरकुरत वर आली आणि भळकन रिकामी झाली.

"आलं! पाणी आलं!" शार्ङ्गधर नाचायचाच बाकी राहिला. चिंचेवरची मुलं धपाधप खाली उतरली आणि त्याच्याभोवती गोळा झाली. "पंडितजी, आम्हालाही शिकवा ना ते गाणं!"

बुवा माती झटकत उठले.

"अलंकार कोणता होता रे त्यात?"

"या खेपेला... लक्षच गेलं नाही, बुवा."

"उद्यापासून वर्ग तुझा."

शार्ङ्गधराचे डोळे भरून आले. पण शेवटी पंडितच तो. चार पावलं जाऊन परत फिरला.

"बुवा... अलंकारांची नावं मग सांगायचीच नाहीत का मुलांना?"

बुवा वाफ्याशी वाकले. कोरड्या मातीवरून पाण्याची बारीक धार वाट काढत येत होती.

"सांग की. पाणी वांग्यापर्यंत पोचलं, की सांग."