हजारात एकदा

“हजारात एकदा! तेही झालंच तर!” राजगणिती त्र्यंबकशास्त्री भर दरबारात म्हणाले. “दारूखान्याला एकापाठोपाठ तीन दरवाजे, प्रत्येकावर एक पहारेकरी. टोपलीत धुमसती शेणी लपवून मी प्रत्येकाकडे माणूस दहादा पाठवला. प्रत्येक पहारेकरी दहांत एकदाच चुकला. दहा गुणिले दहा गुणिले दहा! तिघांनाही चुकवून विस्तव आत जाईल तो हजारात एकदा!”

राजा उदयभानाने मिशीवर हात फिरवला. पहारेकरी त्यानेच नेमले होते.

“शास्त्रीबुवा, गणित चुकलंय,” मागून आवाज आला.

ती रंगू होती. तिचा बाप भिवा दारूखान्यात उखळात बंदुकीची दारू कांडायचा. गेल्या साली तिथे एक ठिणगी पडली आणि रंगूची आई गेली. पहारे बसले ते त्यानंतर.

“अगं, तुझ्या वयाहून जास्त वर्षं मी गणित शिकवतोय!”

“म्हणूनच दारूखान्यात फिरकायला सवड झाली नसेल!”

दरबारात खसखस पिकली. राजाला मात्र राग आला.

“फार बोलतेस! उद्या दिवस मावळायच्या आत तिघांनाही एकाच फेरीत चुकवून दाखव. त्यांना गुंगीचं काही द्यायचं नाही, लाच द्यायची नाही, त्यांच्याशी बोलायचंही नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर बापलेकीनं गाव सोडायचं!”

“रंगे, माफी माग,” शेजारी उभा भिवा कुजबुजला.

“बाबा, रोज तुमची भाकरी घेऊन मीच येते ना तिथे?” मग ती राजाला म्हणाली, “कबूल, महाराज! फक्त उद्याही आपण रोजच्यासारखेच पाहणीला या. काही म्हणजे काही बदलू नका.”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी स्वारी निघाली. पुढे राजा, मागे हुजऱ्या, त्याच्या मागे शास्त्रीबुवा आणि सगळ्यांत शेवटी कमरेवर पाण्याची घागर घेतलेली रंगू.

पहिल्या पहारेकऱ्याने कमरेत वाकून मुजरा केला. दुसऱ्याने त्याहून खाली वाकून केला. तिसऱ्याचं पागोटं तर जमिनीलाच टेकलं.

आत भिवाचं मुसळ हातातच थांबलं.

“झालं?” राजा वळून म्हणाला. “तिघेही जागे, तिघेही जागेवर! कोण चुकलं?”

रंगू पुढे आली आणि तिने अख्खी घागर हुजऱ्याच्या हातातल्या हुक्क्यावर उपडी केली!

चर्रर्र! वाफेचा लोट उठला. नखशिखांत भिजलेला हुजऱ्या हुक्का उराशी धरून उभा राहिला.

“चिलमीतले लालभडक निखारे, महाराज! तिन्ही दरवाजे ओलांडून आले. तिघांच्या नाकासमोरून!”

“पण... पण हजारात...” शास्त्रीबुवा चाचरले.

“तिघे तीन वेगळ्या कारणांनी चुकत असते, तर तुमचं हजार खरं ठरलं असतं, बुवा. कुणाला डुलकी लागेल, कुणी गप्पांत रंगेल. पण इथे तिघांनाही एकदम चुकवणारं एकच कारण आहे.”

“कोणतं?” राजाने विचारलं.

“आपण, महाराज! आपण आलात की तिघांच्याही माना खाली. जमिनीकडे पाहणाऱ्याला निखारा कसा दिसावा? हजारात एकदा कसलं? दहांत दहादा!”

राजाने चिलमीतला विझलेला निखारा उचलून पाहिला.

“रोज?”

“रोज, महाराज.”

राजाने उखळांकडे पाहिलं, भिवाकडे पाहिलं. मग त्याची नजर निथळत्या हुजऱ्यावर गेली, आणि तो इतका हसला की त्याला दरवाजाचा आधार घ्यावा लागला.

“हरलो! माग, काय हवं?”

“दारूखान्यात मुजरा बंद. आणि झडती सगळ्यांची.”

“दिलं! आणि आजपासून या तिन्ही दरवाजांवर हुकूम तुझा!”

दुसऱ्या दिवशी राजा आला तेव्हा पहिला पहारेकरी ताठ उभा होता. शेजारी रंगू.

“महाराज, हुक्का बाहेर ठेवा.”

“आणि नाही ठेवला तर?” राजाने भुवया चढवल्या.

“घागर भरलेलीच आहे, महाराज!”

हसत हसत राजाने स्वतःच्या हाताने हुक्का बाहेर ठेवला.