आंगरूपच्या दोन हाका

"किती वेळा हाक दिली त्यानं?" वस्तादांनी विचारलं.

सर्जेराव पिसाळ शेगडीकडं बघत राहिला.

"दोनदा."

"आणि तू?"

त्यानं शेगडीत आणखी एक लाकूड सारलं.

मी तिथंच बसलो होतो. स्कीवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत हा सर्जेराव अकरा वर्षं देशात पहिला, आणि मी त्याच पलटणीतला, कायमचा चौदावा. सुभेदार ज्योतीराम खाडे आम्हा दोघांचे गुरू. माणदेशी माणूस, निवृत्तीनंतर इथं हिमाचलातच, सरावाच्या मैदानाशेजारी राहिलेला. आम्ही साताऱ्याकडची पोरं तालमीतून आलेली. त्यांना कोच कोण म्हणणार? वस्तादच.

आमच्यात रीत अशी. बर्फात स्कीसाठी दोन चरी पाडलेल्या असतात. मागचा "ट्रॅक!" म्हणून ओरडला, की पुढच्यानं चरीतून बाहेर पडायचं आणि त्याला वाट द्यायची. कालच्या शर्यतीत, शेवटच्या किलोमीटरला, देवदारांतल्या अरुंद वाटेवर लाहौलचा आंगरूप मागून आला. ओरडला. पुन्हा ओरडला. सर्जेराव हलला नाही. हातभर अंतरानं पहिला आला. परदेशातल्या स्पर्धेला एकच जागा होती, ती त्याला मिळाली. पंचांना काही दिसलं नाही, आणि आंगरूप कुणापाशी बोलला नाही.

"शेवटचा हिवाळा आहे माझा, वस्ताद," सर्जेराव म्हणाला. "अडतीस झालो. अकरा वर्षं माझ्यापुढं कुणी नव्हतं. ही जागा माझ्या कमाईची आहे. जाऊ ना मी?"

त्याला फक्त 'जा' ऐकायचं होतं. मला रागच आला. एवढा मोठा गडी आणि असला हट्ट! पण मला कुणी विचारलं नव्हतं.

वस्ताद उठले. कोपऱ्यातली जुनी, रुंद लाकडी स्की त्यांनी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"रात्री बर्फ पडलंय. मैदानाला एक फेरी मारून ये."

"ह्यावर?"

"व्हय. ह्यावरच."

सर्जेराव हसला. पाच किलोमीटरची फेरी, त्याला पाव तासाचं काम.

पहिल्या दहा पावलांतच तो गुडघ्यापर्यंत रुतला. ताज्या बर्फात चरी कुठल्या? एक पाय दाबायचा, मग दुसरा उचलायचा. शंभर हातांवर थांबला, वाकला. एक शिवी ऐकू आली, अस्सल साताऱ्याची. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आम्ही दोघं ओसरीवर उभे होतो. वस्ताद म्हणाले, "हा पहिल्यांदा आला तवा आठवतंय का रं? बर्फ उचलून मिठासारखं चाखलं हुतं."

"आणि तुम्ही विचारलंत, भाकरी आणू का."

दोघंही हसलो. काय दिवस होते ते! स्टोव्हवर स्कीचं मेण तापवायचं, सगळ्या बराकीला त्याचा वास. दिवसभर पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. ते दिवस मला अजून हवे आहेत, चौदावा नंबर धरून.

दीड तासानं सर्जेराव परतला. भुवयांवर बर्फ, ओठ निळे. त्यानं मागं वळून स्वतःच पाडलेल्या दोन चरी बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

"वस्ताद... मी सरावाला सातला यायचो. चरी तयार असायच्या."

"असायच्या."

"मला वाटायचं, छावणीची माणसं पाडतात."

वस्ताद त्याच्या खांद्यावरचं बर्फ झटकू लागले.

तेव्हा मी तोंड उघडलं. चौदाव्याला बरंच काही दिसतं. "पाचला उठायचे ते. रोज. अकरा हिवाळे. गुडघा त्यातच गेला त्यांचा."

सर्जेराव बर्फातच खाली बसला आणि रडला. चांगला हुंदके देऊन रडला.

मग नाक पुसून म्हणाला, "पंचांना लेखी देतो. मी वाट अडवली म्हणून. आंगरूपलाही जाऊन सांगतो. त्याला जाऊ दे."

त्याच्या पायांतल्या स्कीचे पट्टे सोडवायला वस्ताद दुखऱ्या गुडघ्यानं वाकू लागले, तसा त्यानं त्यांचा हात धरला.

"एक विचारू? तुम्ही स्वतः इतके तयारीचे गडी होतात. अन् रोज अंधारात उठून दुसऱ्यासाठी वाट करायची... आपणच त्यावरून पळावं, असं तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"वाटायचं की," वस्ताद म्हणाले. "रोज वाटायचं... वळणावर तू दिसेनासा झालास, की मग चहा टाकायचो."