बेचाळिसावं पाऊल

"ते पिल्लू कुणाचं?"

हा प्रश्न कोंडीरामने आधी आईला विचारला, मग धाकट्या भावाला, मग गिरणीवाल्याला, आणि शेवटी खुद्द शोरूमच्या मालकाला. उत्तर कुणीच दिलं नाही. सगळे नुसते हसले.

तर घाटमाथ्यावर रानवडी नावाचं गाव, आणि त्या गावात हा भोळा कोंडीराम. भोळा म्हणजे किती भोळा? पाहुणे आले की 'बसा' म्हणावं, असं आईने त्याला शिकवलं होतं. एकदा पाहुणे आले. हा म्हणाला, "बसा." पाहुणे बसले. चहा झाला, निघायला उठले. हा म्हणाला, "बसा." बसले. पुन्हा उठले. पुन्हा "बसा." शेवटची एसटी निघून गेली आणि पाहुणे दोन दिवस राहिले.

घरात तिघंच. आई, कोंडीराम आणि धाकटा हिरामण. दोनशे कोंबड्या होत्या. अंडी गोळा करायची आणि घाट उतरून तालुक्याला पोचवायची, हा धंदा. पोचवायचं काम हिरामणचं. हिरामण चौथीतून शाळा सोडलेला. डोक्यात काही आलं की चपला घालायलाही थांबायचा नाही. आणि घाटाच्या रस्त्याचं काम तीन वर्षं चाललेलं. डांबर कमी, सुटी खडीच जास्त. तिथं त्याची जुनी मोपेड घसरायची, हिरामण एकीकडे, अंडी दुसरीकडे.

एक दिवस घाटाखाली मोठी पाटी लागली. नवी कोरी मोटरसायकल, आणि तिच्या चाकापुढे चार बोटांवर कोंबडीचं पिवळं पिल्लू. खाली ही एवढाली अक्षरं: 'आता एबीएस! रस्ता कसाही असो, ब्रेक दाबा, गाडी जागच्या जागी!'

हिरामण घरी येऊन म्हणाला, "घेणार म्हणजे घेणार."

"अरे, पाटी वाचून कुणी घाट उतरतं का?" आई म्हणाली. "त्या कातळवळणाखाली सरळ दरी आहे."

"जागच्या जागी थांबते आई. लिहिलंय तसं."

"ते पिल्लू कुणाचं रे?" कोंडीराम म्हणाला.

आई कोंडीरामला बाजूला घेऊन म्हणाली, "कोंड्या, हा काही माझं ऐकायचा नाही. तू थोरला. ती गाडी खरंच थांबते का, तेवढं नीट बघून ये. भावाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"बघतो," कोंडीराम म्हणाला. आणि बघायचं म्हणजे आधी ब्रेक कळला पाहिजे, म्हणून तो हिरामणकडे गेला.

हिरामण मोपेड पुसत होता. म्हणाला, "सोपं आहे दादा. खडीवर गच्च आवळून धरलं की चाक जाम होतं आणि गाडी घसरते. म्हणून आवळायचं, सोडायचं. आवळायचं, सोडायचं."

"आवळायचं, सोडायचं," कोंडीराम म्हणाला. पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी विहिरीत बादली पडली. हिरामणने कमरेला दोर बांधला आणि दोराचं टोक कोंडीरामच्या हातात दिलं. म्हणाला, "मी उतरतो, तू सांभाळ."

कोंडीरामने दोर आवळला. मग सोडला.

विहिरीतून धप्प आवाज आला. कोंडीरामने आवळला. हिरामण पाण्याबाहेर आला. "अरे दादा..." एवढंच म्हणाला, तोवर सोडला. असं सात वेळा झालं. आठव्यांदा आई धावत आली म्हणून हिरामण वर आला. त्याच्या नाकातून पाणी येत होतं.

"मारतोस का काय मला!" तो ओरडला. "माणूस हातात असला की सोडायचं नसतं! तो वर येईपर्यंत घट्ट धरायचं!"

"असं होय," कोंडीराम म्हणाला. "आधी सांगायचं की."

त्याच दुपारी तो गाडी बघायला शोरूममध्ये गेला. मालक पोपटशेठ पांढरे कपडे घालून दारातच उभे होते. गिऱ्हाईक दिसलं तसा त्यांनी हसून हात पुढे केला. कोंडीरामने हातात हात घेतला. घट्ट.

"या, या. काय नाव आपलं?"

"कोंडीराम."

"बरं, आता हात सोडा."

"वर या, मग सोडतो."

"कुठं वर?"

"ते मला काय ठाऊक? माणूस वर येईपर्यंत सोडायचं नसतं."

पोपटशेठनी ओढून पाहिलं. रागावून पाहिलं. तसंच हात धरलेल्या अवस्थेत त्यांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला गाडी दाखवली, फोन घेतला, डबा खाल्ला. अर्थात डाव्या हाताने. शेवटी चार वाजता ते खुर्चीवर चढून उभे राहिले. कोंडीरामने लगेच हात सोडला.

"झालं," तो म्हणाला. "आता सांगा, ही गाडी थांबते का? आणि ते पिल्लू कुणाचं?"

पोपटशेठ खुर्चीवरून उतरलेच नाहीत. हात चोळत वरूनच बोलले. "ह्या गाडीत एबीएस आहे. तुम्ही फक्त आवळून धरायचं. बाकीचं सगळं मशीन बघून घेतं. तुम्हाला काही करायचंच नाही."

"मला काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही!"

कोंडीराम खूश होऊन घरी आला. आईने त्याला ज्वारी दळायला पाठवलं. गिरणीवाले रंगूमामा पान खायला चौकात गेले होते. गिरणी चालूच होती. कोंडीरामने वरून ज्वारी ओतली. डबा तोंडाखाली लावायचा, तर तो त्याने छातीशी आवळून धरला आणि उभा राहिला.

पीठ खाली पडायला लागलं. आधी पायांवर, मग घोट्यांवर. पंख्याच्या वाऱ्याने उडून भिंतीवर, दिव्यावर, रंगूमामांच्या कोटावर. रंगूमामा परत आले तेव्हा गिरणीत धुकं पडलं होतं आणि धुक्यात एक पांढरा माणूस डबा धरून उभा होता. रंगूमामांनी आधी नमस्कार केला. मग ओळखलं.

"कोंडीबा! अरे डबा लाव की खाली!"

"मला काही करायचंच नाही मामा. मशीन बघून घेतं."

"मशीनला डोळे असतात का रे?" रंगूमामा गिरणी बंद करत म्हणाले. "कुणी सांगितलं तुला हे?"

"ज्यांना मशीन विकायचंय त्यांनी."

"मग ते सांगणारच! एक लक्षात ठेव. मशीन कसलंही असो, चालू असलं की समोर त्याचा मालक उभा पाहिजे. मालक समोर नसला की असा घोळ होतो."

"मालक समोर पाहिजे," कोंडीराम म्हणाला. हेही पाठ झालं. घरी जाताना वाटेतल्या सगळ्या कुत्र्यांनी त्याच्यावर भुंकून घेतलं.

गुरुवारी तालुक्याचा बाजार. पोपटशेठनी शोरूमपुढे माणसं जमवली होती. डांबरी पट्टा धुऊन ओला केला होता. त्यांचा माणूस गाडीवरून भरधाव यायचा आणि पट्ट्यावर गप्पकन थांबायचा. लोक टाळ्या वाजवायचे. हिरामण सगळ्यात पुढे उभा. त्याच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या.

"बघा मंडळी!" पोपटशेठ ओरडले. "आपला घाट असो की खडी असो, गाडी जागच्या जागी! कुणीही चालवून बघा!"

"मी बघतो," मागून आवाज आला.

पोपटशेठनी आवाज ओळखला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. पण एवढ्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? कोंडीराम गाडीवर बसला. डांबर सोडून गाडी त्याने शेजारच्या कच्च्या रस्त्यावर घेतली. तिथं ताजी खडी पसरलेली होती.

"तिकडं कुठं? पट्टा इकडं आहे!"

"तुम्ही खडी म्हणालात. पट्टा नाही म्हणालात." आणि मग म्हणाला, "शेठ, तुम्ही त्या तिथं समोर उभे राहा."

"मी? कशाला?"

"मशीन चालू असलं की मालक समोर लागतो."

लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "उभे राहा की शेठ! जागच्या जागी थांबते ना?" पोपटशेठ हसले. तसंच हसत जाऊन उभे राहिले. 

कोंडीराम लांबून आला. वेगात आला. पोपटशेठ पाच पावलांवर राहिले तेव्हा त्याने ब्रेक आवळला आणि आवळून धरला. गाडी घसरली नाही. आडवी झाली नाही. डुगडुगलीसुद्धा नाही. फक्त थांबली नाही. खडीवरून खडखडत सरळ पुढे आली. पोपटशेठ शेवटच्या घटकेला उडी मारून कांद्याच्या ढिगात पडले. गाडी त्यांच्या जागेवरून पुढे गेली, चहाच्या टपरीपाशी गेली, आणि तिथं अगदी शांतपणे उभी राहिली.

कोंडीराम उतरला. मागे चालत गेला, ब्रेक आवळला तिथून पावलं मोजत आला. बेचाळीस.

पोपटशेठ ढिगातून ओरडले, "अरे, मेलो असतो मी!"

"तुम्ही पळालात कशाला?" कोंडीराम म्हणाला. "पाटीवर जागच्या जागी लिहिलंय. तुम्ही जागा सोडलीत, मग गाडीने थांबायचं कुठं?"

"अहो, चाक जाम होत नाही, एवढंच त्या एबीएसचं काम! त्याने गाडी आडवी पडत नाही, हँडल वळवता येतं. सुट्या खडीवर ती लांब जाऊनच थांबणार. लवकर थांबते असं कोण म्हणालं?"

"तुमची पाटी."

बाजार हसून हसून लोळला. पण हिरामण हसला नाही. चारचौघांत दादाने तमाशा केला, याचाच त्याला राग आला. रागाच्या भरात तो शोरूममध्ये शिरला आणि तीच गाडी घेऊन बाहेर आला. "डांबरावर थांबली ना? झालं तर," म्हणाला.

आता पुढचं ऐका. कोंडीरामने घरच्यांसाठी केलेलं हे शेवटचं काम. त्याच वर्षी श्रावणात तो काविळीने गेला. बाजारातून आल्यावर त्या संध्याकाळीसुद्धा त्याचे डोळे पिवळे होते. आई म्हणाली, "डोळ्यांना काय झालं रे?" तर म्हणाला, "अंडी मोजून झाले असतील." सगळे हसले. हिरामणही हसला. कुणी पुन्हा बघितलं नाही.

आईला दुसरीच काळजी होती. ती म्हणाली, "कोंड्या, उद्या सकाळी हा अंडी घेऊन घाट उतरणार. कातळवळणावर ब्रेक मारला तर ती गाडी कुठं जाऊन थांबेल, ते बघून तिथं मोठी खूण कर. लांबून दिसेल अशी. नीट कर हं बाबा."

"नीट करतो," कोंडीराम म्हणाला.

उजाडताच तो वळणावर गेला. गाडी सरळ येते, म्हणून त्याने सरळ तोंड केलं आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला रस्ता संपला. रस्त्यावरचीच पावलं मोज, असं काही आई म्हणाली नव्हती. सातवं पाऊल त्याने करवंदीच्या जाळीत टाकलं. दहाव्याला सदरा फाटला. विसाव्याला तो बसून घसरत होता, आणि घसरताना मोजणी चुकली म्हणून पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून मोजत आला. बेचाळिसावं पाऊल दरीत एका खडकावर पडलं. तिथं त्याने बरोबर आणलेला, चुना लावलेला पत्रा उभा करून पाहिला. खडकावर तो काही केल्या उभा राहीना. मग दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो स्वतःच उभा राहिला. पत्र्यावर कोळशाने लिहिलं होतं: 'हिरामण इथं थांबतो.'

हिरामण नव्या गाडीवरून जोरात आला. मागे बाराशे अंडी. वळणाच्या बऱ्याच अलीकडे त्याला खाली दरीत काहीतरी पांढरं चमकलेलं दिसलं. पांढऱ्याखाली माणूस दिसला. माणूस ओळखीचा वाटला. त्याने तिथूनच ब्रेक आवळला. गाडी खडखडत खडखडत वळणापर्यंत आली आणि कडेला थांबली. पुढे चार पावलं रस्ता उरला होता.

"दादा! तिथं काय करतोयस?"

"खूण!"

"कसली खूण?"

"वाच की!"

हिरामणने एकेक अक्षर लावून वाचलं. मग त्याने गाडी बंद केली आणि तो खडीतच खाली बसला.  

"दादा, वर ये," तो म्हणाला. "मी सावकाश चालवीन. आईची शपथ. तू वर ये."

"असा कसा येऊ?" खालून कोंडीराम म्हणाला. "तू तर वरच थांबलास. मोजणी बरोबर आहे का ते कळायला नको? जा, पुन्हा मागे जा. वेगात ये, आणि वळणावर आलास की मगच ब्रेक मार."

हिरामणने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

कोंडीरामला वाटलं, धाकटा आहे, अंडी फुटतील म्हणून भीत असेल. त्याने पत्रा बाजूला ठेवला. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि दोन्ही हातांनी चांगला ताणून पसरून धरला.

"ये तू बिनघोर," तो म्हणाला. "अंडी मी झेलतो."