निकुंभ सरांचा फुटलेला टीव्ही

“जुनं टाकून नवं घेणं हा लोभ झाला. आणि जुन्याची डागडुजी करत बसणं ही आसक्ती झाली. मग बुवा, या दोन्हींतलं कमी वाईट कोणतं?”

भालचंद्र निकुंभ यांनी विचारलं आणि मांडी सावरून ते उत्तराची वाट पाहू लागले.

दामोदरबुवा मठाच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते. त्यांचे गुडघे दुखत. ते दोन्ही हातांनी गुडघ्यांना तेल चोळत होते.

“कशाबद्दल विचारतोस?”

“टीव्हीबद्दल.”

निकुंभ सर तालुक्याच्या हायस्कुलात क्रीडाशिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पांझरा नदीच्या काठावरच्या या मठात ते बावीस वर्षं येत होते. दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी सत्संग भरे. तीसेक माणसं येत. निरूपण सर स्वतः करत. येत्या रविवारचा विषय ‘क्रोध’ होता.

“बिघडला का टीव्ही?” बुवांनी विचारलं.

“पडदा गेलाय. एक कारागीर म्हणतो, दुसऱ्या टीव्हीचं पॅनल काढून बसवून देतो. दुसरा म्हणतो, त्यात अर्थ नाही, नवाच घ्या. मी स्वतः टीव्ही बघत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण निर्णय तर घ्यायला हवा. आणि तो घेताना मन स्वच्छ असावं, म्हणून आलो.”

“पडदा कसा गेला?”

“फुटला.”

“आपोआप?”

सरांनी ओट्याच्या कडेकडे पाहिलं.

“तांब्या लागला.”

“तांब्या चालत गेला?”

…

“मी फेकला.”

बुवांचे हात थांबले नाहीत. तेल चोळणं चालूच होतं.

“संध्याकाळी ध्यानाला बसलो होतो,” सर सांगू लागले. “बाहेर टीव्हीचा आवाज केवढा मोठा. तीनदा सांगितलं, कमी कर. चौथ्यांदा उठलो. पाण्याचा तांब्या जवळ होता… एकदाच झालं बुवा. या वर्षात एकदाच. पूर्वी फार व्हायचं. तुमच्या कृपेनं पुष्कळ कमी झालंय.”

“रत्नप्रभा कुठे होती?”

“कोण, ही? समोरच. टीव्हीपुढे खाली बसून घेवडा निवडत होती.”

“आणि तू?”

“आतल्या खोलीच्या दारात. तिच्या मागे.”

“म्हणजे तांब्या तिच्या डोक्यावरून गेला.”

“वरून गेला. तिला लागला नाही. नेम टीव्हीवरच होता.” सर ताठ झाले. “तीस वर्षं पोरांना भालाफेक शिकवली मी. माझा हात मला ठाऊक आहे. तिला लागू नये एवढं भान रागातही होतं. साधनेनं तेवढं तर दिलंच ना?”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. माठाजवळचा तांब्या त्यांनी उचलला, त्यातलं पाणी अंगणात ओतलं आणि तांब्या सरांच्या हातात दिला.

मग ते हळूहळू चालत कडुनिंबापाशी गेले. बुंध्यापासून दोन हातांवर, झाडाकडे तोंड करून, खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला.

“दारापासून टीव्ही जेवढा लांब होता, तेवढ्या अंतरावर उभा राहा,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यावरून बुंध्यावर मार.”

“बुवा, हे कशाला…”

“हात ठाऊक आहे ना तुला?”

सर उतरून अंगणात आले. पावलं मोजून उभे राहिले. हात वर केला.

समोर बुवांची पाठ होती. मानेचं वर आलेलं हाड. विरळ पांढरे केस, त्यांतून दिसणारी टाळू.

हात वरच राहिला… मग खाली आला.

“नाही जमणार.”

“का?”

“तुम्हाला लागेल.”

“नेम चांगला आहे तुझा.”

“आहे. तरी एखादे वेळी… हात थरथरतोय.”

“त्या दिवशी थरथरला होता?”

अंगणात कडुनिंबाची पानं पडत होती. सरांनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

“नाही.”

बुवा वळले नाहीत.

“ती आवाज एवढा मोठा का ठेवते?”

“तिला ऐकू कमी येतं.”

“कधीपासून?”

“झाली… बरीच वर्षं झाली.”

“कुठल्या कानानं?”

“डाव्या.”

सरांनी तांब्या उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. उजवा हात धोतराला पुसला. बुवांना यातलं काही दिसलं नाही. ते झाडाकडेच पाहत होते.

“ती इथे आली होती,” बुवा म्हणाले. “अकरा वर्षांपूर्वी. एकटी. एसटीनं आली असावी, चपला धुळीनं भरल्या होत्या. तुला बोलली नाही?”

“नाही.”

“ओट्यावर बसली. कानावर पदर दाबून धरला होता, तो शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणाली, बुवा, यांना काही सांगा, तुमचं ऐकतात.”

“तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत.”

“नाही म्हणालो.”

…

“त्या वर्षी मठाचं छप्पर चाललं होतं. तू रोज दहा माणसं घेऊन यायचास. उन्हात शिडीवर उभा राहायचास. मी तिला म्हणालो, तो साधनेत पुढे चाललाय, तू थोडं सांभाळून घे.”

“मग?”

“तिनं वाकून नमस्कार केला आणि गेली. पुन्हा आली नाही. मी मनाशी म्हटलं, घेतलं असेल सांभाळून.”

सर खाली बसले. अंगणातच, धुळीत. एकाचं तोंड झाडाकडे, दुसऱ्याचं त्याच्या पाठीकडे.

मग सरांना आपलं काम आठवलं.

“ती ऐकतच नाही बुवा. परवा दुकानातली माणसं नवा टीव्ही घेऊन आली. तिनं दारातूनच परत पाठवली. कारागिराला हात लावू दिला नाही. हा आहे असाच इथे राहील, म्हणते. रोज संध्याकाळी सात वाजता लावते. चित्र नाही, नुसत्या रंगीत रेघा. आवाज तेवढा येतो. त्याच्यासमोर बसून ऐकते. घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, हे काय झालं. ती म्हणते, यांना विचारा.”

“मग तू काय सांगतोस?”

“काहीतरी सांगतो… रविवारी तीस माणसं येणार. तुम्ही एकदा तिला समजवा. तुम्हाला ती मानते.”

“मी तिला एकदाच समजावलं,” बुवा म्हणाले. “तेवढं पुरे झालं.”

सर घरी गेले. टीव्हीचं काय करावं, ते बुवांनी सांगितलं नव्हतंच.

रविवारी सकाळी सरांनी टीव्हीवर फुलाफुलांची चादर टाकली. चादर घसरू नये म्हणून पुढे टेबलावर बुवांचा मोठा फोटो टेकवून ठेवला. फोटोला हार घातला. रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. मग कुकरकडे वळल्या.

माणसं जमली. सतरंजी भरली. सरांनी डोळे मिटून सुरुवात केली, “क्रोध हा पाहुणा आहे. त्याला बसायला पाट दिला की तो मुक्काम करतो…”

बाहेर रिक्षा थांबली.

दामोदरबुवा कुणाचा तरी खांदा धरून उतरले. बावीस वर्षांत ते या घरी कधी आले नव्हते. सतरंजीवरची माणसं उठून उभी राहिली. दोघंतिघं पाया पडायला पुढे झाले. बुवांनी त्यांना हातानंच थांबवलं.

रत्नप्रभाबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांनी तो बुवांच्या हातात दिला. वाकल्या नाहीत.

“उशीर केलात,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“या कानानं आता काहीच ऐकू येत नाही. काही बोलायचं असेल तर इकडच्या बाजूला या.”

बुवा त्यांच्या उजव्या बाजूला गेले. पाणी प्यायले. पेला हातातच ठेवला.

“बोलायला नाही आलो. तुझं ऐकायला आलोय.”

“ते मी सांगून गेले होते.”

“हो.”

“तेव्हा तुम्ही छपराकडे बघत होता.”

“हो,” बुवा तिसऱ्यांदा म्हणाले.

सतरंजीवरच्या माणसांना काही कळेना. कुणी घसा खाकरला, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं. सर मांडीवर हात ठेवून बसले होते. ते उठले नव्हते.

“अगं,” सर हळूच म्हणाले, “बुवांना बसायला खुर्ची दे ना. आपण नंतर बोलू.”

बाईंनी खुर्ची आणली नाही. त्या टेबलापाशी गेल्या. फोटोवरचा हार नीट केला, फोटो उचलला आणि सरांच्या मांडीवर नेऊन ठेवला. मग परत येऊन चादर ओढली.

पडदा मधोमध खचला होता. तिथून चारी बाजूंना तडे गेले होते. काळ्या काचेत सगळ्यांची तोंडं तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. बसलेली, उभी, बुवांचंही.

बाई चादरीची घडी घालू लागल्या. टोकाला टोक जुळवून, हातानं दाबून.

पोस्टातून निवृत्त झालेले चौधरी पहिल्या रांगेत होते. साधा माणूस. त्यांनी विचारलं, “अरेरे. सर, हे कसं झालं हो?”

सरांनी बायकोकडे पाहिलं. एरवी ती म्हणायची, यांना विचारा. आज ती काही म्हणाली नाही. घडी घालत राहिली.

सरांनी बुवांकडे पाहिलं. बुवा त्यांच्याकडेच बघत होते. रागानं नाही. वाट बघत होते.

सरांचे ओठ हलले. एकदा. दोनदा. उजवा हात फोटोच्या चौकटीवर घट्ट आवळला गेला…

“पडला,” सर म्हणाले. “पुसताना हातून पडला.”

बाईंनी घडी पूर्ण केली. ती काखेत धरली. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. हेच उत्तर येणार, हे त्यांना ठाऊक असावं.

बुवांनी पेला टेबलावर ठेवला. एका हातानं टेबलाची कड धरून ते सावकाश सतरंजीवर, सगळ्यांमध्ये, खाली बसले. गुडघा दुखला तसं क्षणभर त्यांचं तोंड वाकडं झालं.

“चौधरी,” ते म्हणाले, “यातला अर्धा मी फोडलाय. उरलेला अर्धा कुणी फोडला, ते याला पुन्हा एकदा विचारा.”