निळ्या झाकणाचा प्रिंटर

जंगलात पत्रिका घरीच छापायची पद्धत होती, तेव्हाची गोष्ट. मुंगसाच्या दुकानात तीन इंकजेट प्रिंटर होते. छपाई सारखीच, फक्त झाकणांचे रंग वेगळे. लेकीचं लग्न ठरलं म्हणून साळिंदर रोज येऊन विचारायचं, "कुठल्याची शाई जास्त पुरते?"

"तिन्हींची सारखीच पुरते, साळिंदरराव," हे सांगून सांगून मुंगूस मेटाकुटीला आलं.

"घाई नको," म्हणत साळिंदर वहीत टिपून निघून जायचं. शेवटी लग्न तोंडी आमंत्रणांवरच उरकलं.

वर्षाने साळिंदराने निळ्या झाकणाचा प्रिंटर पक्का केला. मुंगूस खोका बांधत होतं, तेवढ्यात लेक पिल्लाला घेऊन आली. "बाबा, बारशाच्या पत्रिका तरी छापून होतील ना?"

"बारशाच्या?" साळिंदर थबकलं. "मग तिन्ही पुन्हा बघायला हवेत."

मुंगसाने लेकीच्या हातात कागद आणि पेन ठेवलं.