ठिपकीची शेपटी

एक होती पाल. भिंतीवरची नाही हं! हिला भिंत चढताच यायची नाही. अंगभर ठिपके, म्हणून नाव ठिपकी.

ठिपकी होती रेवूची. राहायची काचेच्या घरात. खायची अळ्या. अळ्या राहायच्या डब्यात, मऊ मऊ कोंड्यात. कुरुम कुरुम कोंडा खायच्या, लठ्ठ लठ्ठ व्हायच्या. त्या खाऊन ठिपकीची शेपटी झाली गाजराएवढी!

एकदा आली आत्या. आत्याने डबा उघडला.

"अगंबाई! पिठात अळ्या!"

आत्याने डबा अंगणात झटकला. कोंडा गेला. अळ्या गेल्या. तळाशी उरल्या चार, सुतासारख्या. मग आत्याने काचेचं घर पुसलं आणि झाकण लावायचं विसरली. आत्याचं हे असंच. साफसफाई दांडगी, पण लक्ष कुठे!

ठिपकीला लागली भूक. ती दगडावर चढली. टुणकन बाहेर! सुळुक सुळुक गेली डब्यापाशी.

"अळ्यांनो अळ्यांनो, पोटात या!
माझं पोट भरेना!"

"आम्ही सुतासारख्या. कोंडा आला, तर लठ्ठ होऊ. लठ्ठ झालो, तर येऊ."

शेपटी झाली भेंडीएवढी.

सुळुक सुळुक ठिपकी गेली पिठाच्या डब्यापाशी.

"कोंड्या कोंड्या, बाहेर ये!
अळ्या लठ्ठ होईनात,
माझं पोट भरेना!"

"मी पिठात अडकलो. चाळणी हलली, तर सुटेन."

शेपटी झाली चवळीच्या शेंगेएवढी.

सुळुक सुळुक ठिपकी गेली चाळणीखाली. चाळणी उंच खिळ्यावर.

"चाळणी चाळणी, हल ना गं!
कोंडा सुटेना,
अळ्या लठ्ठ होईनात,
माझं पोट भरेना!"

"मला खाली कोण काढणार? आत्याने काढलं, तर हलेन."

शेपटी झाली गवारीएवढी.

सुळुक... सुळुक... ठिपकी गेली आत्यापाशी. आत्या पोळ्या लाटत होती.

"आत्या आत्या, चाळणी काढ!
चाळणी हलेना,
कोंडा सुटेना,
अळ्या लठ्ठ होईनात,
माझं पोट भरेना!"

आत्या मागे वळलीच नाही. "कोण गं ते? रेवू केव्हाची रडतेय. समजूत घालून दमले मी. रेवू गप्प झाली, तर चाळणी काढीन."

शेपटी झाली देठाएवढी. ठिपकीला फार फार वाईट वाटलं. कुणी येईना, कुणी ऐकेना, पाय उचलेना.

सुळुक...

सुळुक...

रेवू सतरंजीवर पालथी पडली होती. डोळे गच्च मिटलेले.

"रेवू रेवू, गप्प हो!
आत्या चाळणी काढीना,
चाळणी हलेना,
कोंडा सुटेना,
अळ्या लठ्ठ होईनात,
माझं पोट भरेना!"

"मी नाही गप्प होणार! माझी ठिपकी हरवली. ठिपकी आली, तर गप्प होईन."

"अगं, मीच ठिपकी!"

पण रेवूचं रडं केवढं! ठिपकीचा आवाज एवढुसा. रेवूला ऐकूच येईना.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. ठिपकी रेवूच्या हातापाशी आडवी झाली. एवढीशी जीभ काढली. रेवूचं बोट चाटलं.

चुळुक!

रेवूने डोळे उघडले. "ठिपकी! आत्या, हिची शेपटी बघ!"

आत्याने बघितलं. "अगंबाई! ते पीठ नव्हतं, हिचं जेवण होतं! चुकलंच माझं."

रेवू झाली गप्प.
आत्याने काढली चाळणी.
चाळणी हलली, खळक खळक.
कोंडा सुटला, भुरभुर भुरभुर.
अळ्या खात सुटल्या, कुरुम कुरुम.

पण लठ्ठ व्हायला वेळ लागतो ना! एक दिवस गेला. दोन दिवस गेले. शेपटी झाली सुतळीएवढी. रेवू ठिपकीजवळ बसून राहिली. "थांब हं, ठिपकी. थांब हं."

आठव्या दिवशी अळ्या झाल्या लठ्ठ. आत्याने चिमट्यात धरल्या, एक डोळा मिटून.

गट्टम! गट्टम!

दोन गेल्या पोटात, दोन राहिल्या डब्यात. त्यांचे झाले भुंगेरे. भुंगेऱ्यांनी घातली अंडी. अंड्यांतून अळ्या, अळ्याच अळ्या! आत्या आता झाकण आधी लावते.

शेपटी झाली गाजराएवढी,
आमची गोष्ट एवढी!