वास गेल्याचा सत्कार

चारी बाजूंनी टेकड्या आणि मध्ये वाटीसारखं खोलगट असं एक गाव होतं, आणि त्या गावात राहत होती एक हिंगवाली. तिचा हिंग असा कडक, की डब्याचं झाकण उघडलं की तिसऱ्या घरातली माणसं आज आमटी कुणाकडे म्हणून चौकशी करायची. खड्याचा हिंग आणायचा, डिंक आणि कणीक घालून मळायचा, उन्हात वाळवायचा आणि डबा डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचं, हा तिचा धंदा. बाई मनाने सरळ होती, पण हट्टी. तिला एकच लेक. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला नववा महिना लागला होता.

त्याच सुमारास राजाची माणसं गावात आली. या खोलग्यात जमिनीच्या पोटात तेल आहे, असं राजाला कुणीतरी सांगितलं होतं. एक मुकादम आला, काही मजूर आले, आठ बैल आले आणि ताडाएवढं लांब लोखंडी गिरमिट आलं. गावाच्या मधोमध, अगदी तळाच्या जागी बैल गोल फिरू लागले आणि गिरमिट जमिनीत उतरू लागलं. महिनाभराने काळंभोर तेल उसळून वर आलं.

मुकादम बोलायला फार गोड होता. त्याने घरोघर एकेक दिवा दिला आणि तो पेटता राहील इतकं तेल दिलं. त्यामुळे गाव खूश होतं. पाटील तर इतके खूश, की भर दुपारी ओसरीवर दिवा लावून त्याच्याकडे बघत बसायचे.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला. मासे पोट वर करून तरंगू लागले. गाई पाण्याला तोंड लावेनात. धुणं धुवावं तर कपडे आणखी मळून घरी यायचे. बायका हंडे घेऊन टेकडीवरच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. आणि गिरमिटाच्या भोकातून तेलाबरोबर एक वाईट वारा यायला लागला. नासक्या अंड्यासारखा त्याचा वास. त्याने डोळे चुरचुरायचे, डोकं ठणकायचं आणि नवल म्हणजे बायकांच्या पायांतली चांदीची जोडवी काळी पडायची.

हिंगवालीच्या लेकीचं डोकं तर दिवसभर दुखायचं. पोटात अन्न ठरायचं नाही. सुईण म्हणाली, दिवस भरत आले की असं व्हायचंच. हिंगवालीला ते पटलं नाही, पण दुसरं काय म्हणावं तेही तिला सुचेना.

शेवटी गाव मुकादमाकडे गेलं. त्याने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. गोठ्याला गोठ्याचा वास असतो तसा तेलाला तेलाचा, असं तो म्हणाला, जोडवी घामाने काळी पडतात असंही म्हणाला, आणि आठ दिवसांत गावात वास राहणार नाही असा शब्द देऊन मोकळा झाला. मग त्याने चौकाचौकात ऊद जाळला, चुन्याची फक्की टाकली. राजाला मात्र आणखी तेल हवं होतं, म्हणून गिरमिट आणखी खोल घातलं.

आणि खरोखरच, आठव्या दिवशी वास नाहीसा झाला.

गावाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पाटलांनी ठरवलं, मुकादमाचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा आणि गावजेवण घालायचं. मांडव पडला. चुली पेटल्या. आमटीसाठी हिंग घेऊन ये, असा हिंगवालीला निरोप आला.

तिने डबा उघडला. वास आला नाही. तिने डबा नाकाशी नेला, मग नाकच डब्यात घातलं. तरी काही नाही. एवढ्या वर्षांत तिच्या हिंगाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आज सगळ्या गावासमोर शोभा होणार होती.

टेकडीवरच्या पठारावर तिची जाऊ राहत होती. ती मसाले कुटून विकायची. तिच्याकडून ताजा हिंग आणावा म्हणून हिंगवाली डबा घेऊन चढ चढू लागली. ती अंगणात पोचते न पोचते तोच जावेने पदर नाकाला लावला आणि झाकण घट्ट लाव म्हणून सांगितलं, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. हिंगवालीला वाटलं, ही थट्टा करते आहे. जाऊ ताजा हिंग कुटेपर्यंत ती भाकरी खायला बसली.

घटका-दोन घटका गेल्या. मग तिला आधी चुलीतल्या गोवरीच्या धुराचा वास आला. मग शेजारच्या डब्यातल्या हिंगाचा वास आला, नेहमीसारखा, नाकात झिणझिण्या आणणारा. आणि मग खालून वाऱ्याची झुळूक आली आणि तिने घाईने नाकावर हात ठेवला. तोच नासका वास होता आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. जाऊ म्हणाली, रोज वाढतोय, तुम्ही लोक खाली जेवता तरी कसे याचंच आम्हाला कोडं पडलंय.

हिंगवालीला लेकीची जोडवी आठवली. काल सकाळीच तिने ती चिंचेने लख्ख घासली होती आणि आज पुन्हा ती तव्यासारखी काळी झाली होती. वास गेला असता, तर चांदी कशाने काळवंडली असती? अर्धी भाकरी ताटात टाकून बाई उठली आणि जवळजवळ पळतच उतार उतरली.

लेक अंथरुणावर पडून होती. आईने तिला वर काकूकडे चल म्हटलं, तेव्हा ती कळवळून म्हणाली, "आई, आता तर वासही येत नाही."

"वास येत नाही म्हणूनच जायचं," आई म्हणाली.

पण पोरीचे पाय सुजले होते. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. चढ चढणं तिला शक्यच नव्हतं. डोली करून न्यायची तर चार माणसं हवी होती, आणि गावातली सगळी धडधाकट माणसं मांडवात बसली होती. हिंगवालीने डबा उचलला आणि ती मांडवाकडे निघाली.

मुकादमाच्या खांद्यावर शाल पडली होती. पाटील बोलायला उभे राहिले होते. हिंगवालीला बघून ते म्हणाले, बरं झालं आलीस, आमटी खोळंबली आहे. तिने डबा उघडून सरळ त्यांच्या नाकापुढे धरला आणि कसला वास येतो ते विचारलं. पाटलांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि हिंग शिळा झालाय असं सांगितलं. तिने डबा शेजारच्याला दिला. त्यालाही काही कळेना. पंगतीत डबा फिरला. लोक हसू लागले. मुकादमही हसला. शेवटी डबा त्याच्याकडे आला, त्याने नाक लावलं, आणि त्याचं हसू जरासं कमी झालं.

"हिंग शिळा नाही," हिंगवाली म्हणाली. "वासही गेलेला नाही. आपली नाकं गेली आहेत."

मग ती बायकांकडे वळली आणि ज्यांनी काल जोडवी घासली असतील त्यांनी पायांकडे बघावं असं म्हणाली. बायकांनी लुगड्याचे काठ वर उचलले. एकजात सगळी जोडवी काळी. मांडवात कुजबुज सुरू झाली.

मुकादम वाईट माणूस नव्हता, पण राजाला भीत होता. आज संध्याकाळपर्यंत पिंपं भरून पाठवायची होती. तो म्हणाला, वास येत नाही तर त्रास कसला, आणि ज्यांना भ्यायचं असेल त्यांनी भ्यावं, पण आपले दिवे परत करून जावं. दिव्यांचं नाव निघताच बायकांनी लुगड्याचे काठ पुन्हा खाली सोडले. पाटील जमिनीकडे बघू लागले. हिंगवालीला फार राग आला, पण ती ओरडली नाही.

"मी गाव सोडा म्हणत नाही," ती म्हणाली. "त्या वरच्या उंबरापर्यंत चढा आणि घटकाभर बसा. तिथे तुम्हाला वास आला नाही, तर मी पुन्हा हिंगाला हात लावणार नाही. माझी पोर अवघडलेली आहे. तिला आत्ता चार खांदे द्या, नाहीतर उद्या द्यावेच लागतील."

चार खांदे म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मागच्या पंगतीतला एक कुंभार उठला. त्याच्यामागे आणखी तीन उठले आणि चौघं डोली करून पोरीला उचलायला निघाले. त्यांच्या बायका उठल्या. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून, पोरं कडेवर घेऊन गाव हलायला लागलं. मुकादमाचे मजूर परगावचे होते. त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. हिंगवाली मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्यापाशी गेली आणि त्यांनाही बरोबर घेऊन आली. मुकादम मात्र आला नाही. त्याने खांद्यावरची शाल काढली, चाबूक हातात घेतला आणि तो स्वतःच बैल हाकू लागला.

उंबराखाली बसून थोडा वेळ गेला आणि माणसांची नाकं एकेक करून जागी झाली. कुणी तोंड फिरवलं, कुणाला ओकारी आली. पाटलांनी हिंगवालीकडे बघून नुसते हात जोडले.

दुपार झाली आणि वारा पडला. खालची हवा हलेनाशी झाली. लोक वरून बघत होते. चालता चालता पहिला बैल गुडघ्यांवर बसला. मग दुसरा. मुकादम त्याला उठवायला वाकला आणि तिथेच कोसळला.

मजुरांमध्ये मुकादमाचा धाकटा भाऊ होता. तो पायवाटेने खाली धावला. हिंगवाली दोन्ही हात पसरून त्याच्या आडवी आली. तो विनवू लागला, रडू लागला, तिला ढकलू लागला, पण ती हलली नाही.

"आत्ता उतरलास तर एकाचे दोन होतील," ती म्हणाली. "वारा येऊ दे."

ते थांबणं सगळ्यांत कठीण होतं. तिला काही आनंद होत नव्हता. तिचेही डोळे वाहत होते. बऱ्याच वेळाने उंबराची पानं हलली. टेकडीवरून खाली वारा सुटला. तो चांगला भरून वाहू लागल्यावरच चार तगडी माणसं पाठीवर वारा घेऊन उतरली आणि मुकादमाला उचलून घेऊन आली. त्याचा श्वास चालू होता. आठही बैल मात्र गेले. मुकादम वाचला, पण पुढे वर्षभर त्याला दहा पावलं चाललं तरी धाप लागायची.

तिसऱ्या दिवशी पठारावर, जावेच्या घरात, हिंगवालीच्या लेकीला मुलगी झाली. पोरगी अशी जोरात रडली की शेजारपाजारचे बघायला आले.

गावाने मग ते भोक बुजवलं. वारा पाठीशी असेल तेव्हाच उतरायचं, एका वेळी पाचच माणसांनी, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला एकाने टेकडीवर उभं राहायचं, असा नेम केला. दगड, चिखल, चुना ओतत एकोणीस दिवस लागले. पण घरं परत वसली नाहीत. गाव पठारावरच राहिलं. ओढ्याचं पाणी निवळायला कितीतरी पावसाळे जावे लागले.

काही वर्षांनी राजाने दुसरा मुकादम पाठवला. हा पालखीतून आला. उंबरापाशी उभा राहून त्याने खोलग्याकडे बघितलं. तिथे आता गवत माजलं होतं. हवा कशी स्वच्छ आहे बघा, तो म्हणाला, आता नवीन गिरमिट आणू, ते अगदी निर्धोक आहे, तुम्ही आपापल्या घरी राहायला जा, या वेळी दिवे दुप्पट देऊ.

लोक हिंगवालीकडे बघू लागले. तिच्या कडेवर नात होती.

"खाली जागा भरपूर आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमची बायको-पोरं घेऊन या आणि गिरमिटाशेजारी एक वर्ष राहा. मग आम्ही येतो."

मुकादमाने पुन्हा एकदा खाली बघितलं. या वेळी बराच वेळ बघितलं. मग तो पालखीत बसला आणि त्याने भोयांना पालखी माघारी वळवायला सांगितलं.

तात्पर्य इतकंच: धोका जाणवेनासा झाला म्हणजे तो टळला असं समजू नये, आधी आपलं नाक जागेवर आहे का ते बघावं. आणि दुसऱ्याच्या दाराशी जे निर्धोक म्हणून मांडायचं, त्याच्याजवळ आधी आपली माणसं ठेवायची तयारी असावी.